गाणं कुणाच्या नावावर?



मागच्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजले असतील. लातूरहून भाच्याचा फोन आला. एवढ्या रात्री फोन म्हटल्यावर छातीत धस्स झालं. पण त्याचा आवाज आनंदाचा होता. "मामू, आपलं गाणं एका कंपनीला पसंत पडलंय. एकरकमी पंचवीस हजार देतायत. फक्त सही करून कागद पाठवायचाय. करू का?"

मी म्हणालो, "बेटा, कागद ठेव तसाच. मी सकाळच्या गाडीनं येतो."

नांदेड ते लातूर एसटीनं तीन-साडेतीन तासांचा रस्ता. पंचवीस हजारांच्या कागदासाठी मामा एवढा का धावला, ते आज तुम्हाला सांगायचं आहे. आणि त्या निमित्तानं स्वतःच्या हिमतीवर गाणी करणाऱ्या माणसांबद्दलही चार गोष्टी बोलायच्या आहेत.

आधी भाच्याचा उद्योग सांगतो. त्याच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या मेव्हण्यांचं, बोअरच्या मोटारी भरून देण्याचं दुकान. दुकानामागं दहा बाय बाराची खोली. २०१६ साली लातूरला पाण्याची रेल्वे आली, ते तुम्हाला आठवत असेल. मिरजेहून पाणी भरून गाडी यायची. त्याच उन्हाळ्यात या पोरानं त्या खोलीत जुना कॉम्प्युटर, एक माईक आणि हेडफोन मांडून गाणी रेकॉर्ड करायला सुरुवात केली. भिंतींना जुन्या गाद्या आणि दारावर अम्मीची गोधडी लावली. तरी दिवसा काही जमेना. गल्लीत टँकर आला की घागरींचा आवाज थेट गाण्यात. मग रात्री दोननंतर रेकॉर्डिंग. दुकानातल्या मोटारी सकाळी सुरू व्हायच्या, पोरगा तेव्हा झोपलेला असायचा. मेव्हणे म्हणायचे, "याचं उलटं चाललंय. जग उठतं तेव्हा हा निजतो."

त्याला लोक आता 'म्युझिक प्रोड्यूसर' म्हणतात. हा शब्द आपल्याकडे जरा घोटाळ्याचा आहे. सिनेमाचा प्रोड्यूसर म्हणजे पैसे घालणारा. गाण्यातला प्रोड्यूसर म्हणजे गाण्याला शेवटचं रूप देणारा. ढोलकी किती पुढं, बासरी किती मागं, गायकाचा श्वास ठेवायचा की कापायचा, हे ठरवणारा. लहान गावात ही दोन्ही कामं एकाच माणसाकडं येतात. तोच पैसे घालतो, तोच गाणं घडवतो, तोच गायकाला स्टँडवरून मोटारसायकलवर घेऊन येतो.

आणि पोट कशावर भरतं? हळदीच्या गाण्यांवर. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या गाण्यांवर. ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या की एकाच चालीवर तीन उमेदवार, फक्त नाव आणि चिन्ह बदलायचं. मार्च उजाडला की चौदा एप्रिलसाठी भीमगीतं. श्रावणानंतर गणपतीच्या आरत्या. मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी त्याला एकदा अडवून विचारलं होतं, "हे गाणं-बजावणं कुठवर चालणार?" पोरगा म्हणाला, "चाचा, तुम्ही नात फार सुंदर म्हणता. एक दिवस या, रेकॉर्ड करू." चाचा आले. हेडफोन लावून स्वतःचा आवाज ऐकला आणि डोळे पुसले. पुढच्या जुम्याला आणखी दोघांना घेऊन आले. त्या खोलीत कुणाची जात-जमात विचारली जात नाही. सूर लागला का, एवढंच विचारतात. हे मी कौतुकानं नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो आहे.

एवढं असताना मी का धावलो? त्यासाठी मला तीसेक वर्षं मागं जावं लागेल.

३० सप्टेंबर १९९३ची पहाट मराठवाडा विसरलेला नाही. किल्लारीचा भूकंप झाला, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. नुकताच बी.ए. झालो होतो, तेही मराठी घेऊन. मदतीचं धान्य वाटायला गेलेल्या पोरांमध्ये मीही होतो. एका पडक्या घरात सगळं चिरडलेलं आणि जातं तेवढं शाबूत, त्यात अर्धवट दळलेलं पीठ. मी परत आलो आणि त्या जात्यावर कविता लिहिली. माझा एक गाणारा दोस्त होता. त्यानं तिला चाल लावली. डफावर तो ती म्हणायला लागला की माणसं उठून जात नसत.

तो काळ कॅसेटचा. त्याआधी आपल्या देशात गाणं छापणं म्हणजे तबकडी, आणि तबकडी म्हणजे मोठी कंपनी. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि ही मक्तेदारी मोडली. कॅसेटची नक्कल करायला कारखाना लागत नव्हता. त्यामुळं गावोगाव लहान लहान निर्माते उभे राहिले. ज्या गाण्यांना तबकडीवर कधी जागा मिळाली नसती, ती भीमगीतं, भारुडं, कव्वाल्या, पोवाडे बाजारात आले. आमच्याकडं लोहा तालुक्यात माळेगावची यात्रा भरते. तिथं घोंगड्या आणि घुंगुरमाळांच्या शेजारी कॅसेटचे ढीग लागायचे.

माझा दोस्त अशाच एका कंपनीकडं आठ गाणी घेऊन गेला. परत आला तो खुशीत. मला दोनशे रुपये दिले, चहा पाजला. पुढं माळेगावच्या यात्रेत एका स्टॉलवर माझी कविता वाजताना मी ऐकली. अंगावर काटा आला. धावत जाऊन कॅसेट विकत घेतली. कव्हर उलटून पाहिलं. चौथं गाणं. गायक अमुक. संगीत तमुक. आणि गीत? 'पारंपरिक'.

श्रोतेहो, मी तिथंच उभा राहिलो. चार महिन्यांपूर्वी लिहिलेली कविता पारंपरिक झाली होती. कवी जिवंत होता आणि स्वतःच्या पैशानं स्वतःचं गाणं विकत घेत होता.

कितीतरी वर्षं मी त्या कंपनीला शिव्या घातल्या. पण खरी गोष्ट मला उशिरा कळली. दोस्तानं ज्या पावतीवर सही केली होती, तिच्यावर 'गीत, संगीत व गायनासह सर्व हक्क' असं लिहिलं होतं. त्यानं ते वाचलं नव्हतं. आठही गाण्यांचे पंधराशे रुपये घेऊन त्यानं माझ्या वतीनंही सही केली होती. त्याच्या मनात पाप नव्हतं. त्याला वाटलं, आपण गाणं पोचवलं. आणि ते खरंही होतं, पोचवलं त्यानंच.

आता तुम्हाला एका दुसऱ्या माणसाची गोष्ट सांगतो. हा आपल्या भागातला नाही, गोव्याचा आहे. त्याचं नाव रेमो फर्नांडिस. 'बॉम्बे' सिनेमातलं हिंदी 'हम्मा हम्मा' १९९५ साली गल्लोगल्ली वाजत होतं, तो आवाज रेमोचा. 'प्यार तो होना ही था' या १९९८च्या सिनेमाचं शीर्षकगीत जसपिंदर नरुलांबरोबर त्यांनीच गायलं. आपण त्यांना सिनेमावरून ओळखतो. पण त्यांची खरी कमाई त्याआधीची आहे.

रेमोंचा जन्म १९५३चा, बारदेशातल्या शिवोली गावचा. मुंबईच्या जे.जे.मध्ये शिकून ते आर्किटेक्ट झाले. डिग्री हातात असताना घरं बांधली नाहीत. युरोप आणि उत्तर आफ्रिकेत भटकले, रस्त्यावर गायले, आणि शेवटी शिवोलीला परतले. गोव्याबद्दल स्वतःच इंग्रजी गाणी लिहिणाऱ्या माणसासाठी त्या काळी कंपन्यांची दारं सहज उघडणारी नव्हती. मग त्यांनी घरातच यंत्र मांडलं. १९८४ साली 'गोवन क्रेझी' ही त्यांची कॅसेट आली. शब्द त्यांचे, चाल त्यांची, सगळी वाद्यं त्यांनीच वाजवलेली, सगळे आवाज त्यांचेच. रेकॉर्डिंग त्यांचं, कव्हरचं चित्रही त्यांचंच. आणि कॅसेट तयार झाल्यावर त्यांनी आपली पिवळी स्कूटर काढली आणि गोव्यातल्या दुकानांत स्वतः जाऊन त्या पोचवल्या.

मला या सगळ्यात ती पिवळी स्कूटर फार मोलाची वाटते. कारण मीही माझा पहिला कवितासंग्रह स्वतःच्या पैशानं छापला आणि शबनम पिशवीत घालून देगलूर, बिलोली, उदगीर, अहमदपूर असा फिरलो. पुस्तक लिहायला दोन वर्षं लागली होती, तीनशे प्रती खपवायला पाच लागली. कलावंताला वाटतं, आपलं काम संपलं. ओझं उचलायचं काम तिथून पुढं सुरू होतं.

रेमोंनी वापरलेलं यंत्र म्हणजे पोर्टास्टुडिओ. त्याची गंमत समजून घेण्यासारखी आहे. आपली साधी कॅसेट दोन बाजूंनी वाजते. प्रत्येक बाजूला डावा-उजवा असे दोन पट्टे, म्हणजे फितीवर एकूण चार. हे यंत्र चारही पट्टे एकाच दिशेनं वापरतं. पहिल्यावर गिटार वाजवा, मग फीत मागं घेऊन ती ऐकत ऐकत दुसऱ्यावर ढोल, तिसऱ्यावर बासरी. आता एकच पट्टा उरला. मग या तिघांना एकत्र करून चौथ्यावर उतरवायचं आणि पहिले तीन पुसून पुन्हा मोकळे करायचे. त्यावर आणखी तीन आवाज. पण एकदा एकत्र केलेलं पुन्हा वेगळं करता येत नाही. बासरी मोठी झाली असेल तर ती कायमची मोठी. आणि दर उतरवणीला फितीची खरखर वाढते. म्हणून प्रत्येक पायरीवर विचार करूनच पुढं जावं लागे.

भाच्याच्या कॉम्प्युटरवर शंभर पट्टे मांडता येतात आणि चुकलं की एक बटण दाबून मागं जाता येतं. मी त्याला पोर्टास्टुडिओचं सांगितलं तेव्हा तो हसून म्हणाला, "मामू, मग तर ते लोक आधी डोक्यात गाणं वाजवून घेत असतील." मी म्हणालो, "तूही घे. बटण आहे म्हणून डोकं झिजत नाही."

पुढं मोठ्या कंपनीनं रेमोंच्या गाण्यांना हात दिला. व्यसनाविरुद्धचा 'पॅक दॅट स्मॅक' १९८६ साली, 'बॉम्बे सिटी' १९८७ साली आला. श्याम बेनेगलांच्या 'त्रिकाल'मध्ये ते गायले आणि दिसलेही. २००७ साली पद्मश्री मिळाली. २०२१ साली आत्मचरित्र आलं. पण सिनेमात नाव झाल्यावरही त्यांनी शिवोली सोडून मुंबईत बिऱ्हाड केलं नाही. कंपनी दाराशी आली तेव्हा त्यांच्या हातात आधीच स्वतःची गाणी आणि स्वतःचे श्रोते होते. रिकाम्या हातानं सौदा करणं आणि भरल्या हातानं करणं यात फार अंतर आहे.

तर हा रेमोंचा दाखला मनाशी घोळवत मी लातूरला उतरलो. भाच्याला सांगणार होतो की बाबा, विकू नको, स्वतःच वाहून ने. आता तर स्कूटरही लागत नाही. घरबसल्या गाणं जगभर पोचतं.

पण खोलीत बसून त्याच्याकडून सगळं ऐकल्यावर कळलं की पोचणं आणि पोसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. टिकटॉकवर त्याचे चांगले ऐकणारे जमले होते. जून २०२०मध्ये ते बंद झालं आणि एका रात्रीत सगळे गेले. त्यात कुणाचा दोष म्हणत नाही, पण दुसऱ्याच्या वाड्यात मांडलेलं दुकान ते. स्पॉटिफायवर २०२४पासून असा नियम आहे की वर्षभरात एखादं गाणं निदान हजार वेळा वाजलं नाही, तर त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचे पैसे निघत नाहीत. पूर्वी दुकानदार कॅसेट ठेवून घेत नसे, तेव्हा त्याचं तोंड तरी दिसायचं. आता कुणाशी भांडायचं तेच कळत नाही. म्हणून पंचवीस हजार रोख म्हटल्यावर पोराचा जीव थोडा थोडा झाला, तर त्यात नवल काय?

मग मी कागद मागितला. इंग्रजी होता, चार पानांचा. दुसऱ्या पानावर तीच जुनी ओळ निराळ्या भाषेत होती. शब्द, संगीत, रेकॉर्डिंग, सगळे हक्क, सगळ्या जगासाठी, कायमचे. खाली सहीची जागा एकच.

मी विचारलं, "गाणं कुणी लिहिलंय?"

गाणं टँकरच्या रांगेवर आहे. औसा तालुक्यातल्या एका पोरानं लिहिलंय. तो सोयाबीनच्या राशीवर कामाला जातो आणि वहीत लिहितो. गायलंय नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीनं. ढोलकी कुणा तिसऱ्याची.

"त्यांना विचारलंस?"

"त्यांना पैसे देणारच आहे की मामू. त्याला तीन हजार, तिला तीन हजार."

श्रोतेहो, मला माळेगावचा तो स्टॉल आठवला. पण या वेळी मी स्टॉलच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो. माझाच भाचा, माझ्याच लाडाचा, त्या औशाच्या पोराच्या वतीनं सही करायला निघाला होता. त्याच्याही मनात पाप नव्हतं.

मी त्याला कॅसेटची गोष्ट पहिल्यांदाच सांगितली. घरात कुणालाच सांगितली नव्हती, लाज वाटायची. तो ऐकत राहिला. मग एवढंच म्हणाला, "कॅसेट आहे का अजून?" मी म्हणालो, "आहे. वाजवायला टेप नाही."

तुमच्यापैकी कुणाच्या घरात गाणारं, लिहिणारं पोर असेल, त्यांच्यासाठी कायद्याचं थोडं सांगतो. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७चा. त्यात २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते, त्यांनी गीतकार-संगीतकारांची बाजू जोरानं मांडली होती. या दुरुस्तीनुसार गाण्यासाठी लिहिणाऱ्याला आणि चाल बांधणाऱ्याला रॉयल्टीचा जो वाटा मिळायचा, तो मिळण्याचा हक्क कंपनीला विकताच येत नाही. तो वारसांना देता येतो किंवा वसुली करणाऱ्या कलावंतांच्या संस्थेकडं सोपवता येतो. अशी संस्था आहे, आयपीआरएस तिचं नाव, १९६९पासून आहे. हक्क देणं लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं. म्हणून 'कायमचे' आणि 'सगळ्या जगासाठी' हे शब्द कागदावर मुद्दाम घातलेले असतात. शब्दांचा हक्क कवीच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं राहतो. रेकॉर्डिंगचा हक्क निर्मात्याचा, तो प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं. निर्माता कोण? ज्यानं पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. म्हणजे त्या दहा बाय बाराच्या खोलीत कायद्यानं निर्माता माझा भाचाच.

जबाबदारी हा शब्द त्याला मी दोनदा वाचून दाखवला.

रेमोंचं एक बरं होतं. शब्द, सूर, वाद्य, आवाज सगळं एकाच माणसाचं. वाटणीचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडं गाणं असं एकट्याचं क्वचितच असतं. शाहीर पुढं उभा असला तरी मागं झिलकरी असतात, कव्वाल असला तरी मागं टाळी देणारे असतात. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, ज्यांना अवघा महाराष्ट्र शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो, त्यांच्याही मागं कलापथक होतंच. आपल्या भागातला कलावंत स्वतंत्र होतो तो चारचौघांना धरून. त्याच्या स्वातंत्र्याची किंमत मागच्यांनी मोजली, तर ते स्वातंत्र्य कसलं?

संध्याकाळी त्यानं तिघांना फोन केले. दुसऱ्या दिवशी सगळे आले. औशाचा पोरगा संकोचून दारातच उभा होता. त्यानं आधी विचारलं, "माझं काही चुकलं का सर?" भाच्यानं त्याला खुर्ची दिली. चहा झाला. कंपनीचा कागद सगळ्यांना मराठीत समजावून सांगितला. मुलगी हुशार, तिनं विचारलं, "पैसे नाही घेतले तर नुकसान कुणाचं?" भाचा म्हणाला, "सगळ्यात जास्त माझं. माईकचे हप्ते चालू आहेत." खोटं बोलला नाही, ते मला आवडलं.

मत पडलं ते न विकण्याचं. पाचशेच्या स्टँपवर एक पानाचा मराठी करार झाला. गाणं कुणी लिहिलं, कुणी गायलं, कुणी वाजवलं, कुणी घडवलं आणि आलेल्या पैशाचे वाटे कसे. मेव्हणे साक्षीदार म्हणून सही करायला दुकानातून उठून आले, हाताला तांब्याच्या तारेची काळी पूड. सही करता करता म्हणाले, "मोटारीची पावती देतो तशी ही गाण्याची पावती. बरं आहे."

गाणं त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केलं. फार गाजलं असं काही नाही. पंचवीस हजार अजून झालेले नाहीत, होतील की नाही सांगता येत नाही. माईकचे हप्ते हळदीच्या गाण्यांतूनच फिटतायत. मेव्हणे अधूनमधून त्या रकमेची आठवण काढतात आणि मला गप्प बसावं लागतं.

पण या मार्चमध्ये एक झालं. पहिली वाटणी झाली. औशाच्या पोराच्या खात्यावर सहाशे चाळीस रुपये जमा झाले. त्याला वाटलं, कुणीतरी चुकून पाठवले. त्यानं भाच्याला फोन करून विचारलं, "सर, हे कशाचे पैसे?"

भाचा म्हणाला, "तुझ्या शब्दांचे."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)